तीच फ्रिक्वेन्सी, पुन्हा पुन्हा

प्रस्तावना

1976 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मोटारीत फोन बसवून घ्यायचा, तर बेल कंपनीकडे नाव नोंदवून वाट बघत बसावं लागे. साऱ्या महानगरासाठी कंपनीकडे 12 चॅनेल होते. एका चॅनेलवर एका वेळी एकच संभाषण, म्हणजे कोटभर वस्तीच्या त्या परिसरात एका क्षणी फार तर बारा जणांना गाडीतून बोलता येई. ग्राहक साडेपाचशेच्या आसपास आणि प्रतीक्षायादीत सुमारे 3,700. लोक पैसे मोजायला तयार होते, यंत्रंही तयार होती. अडलं होतं ते लहरींपाशी. शहराच्या मधोमध एक उंच, ताकदवान ट्रान्समीटर उभारायचा आणि त्याच्यावरच सारा परिसर भागवायचा, ही तेव्हाची रीत. त्यामुळे एका फ्रिक्वेन्सीवर कोणी बोलायला लागला, की तो फोन ठेवेपर्यंत ती अख्ख्या शहरासाठी अडकून पडायची.

यावरचा उपाय तेव्हा जवळजवळ तीस वर्षं कागदावर पडून होता. डिसेंबर 1947 मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या डग्लस रिंग यांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. एका मोठ्या ट्रान्समीटरऐवजी लहान लहान पुष्कळ ट्रान्समीटर लावा, त्यांची ताकद मुद्दाम कमी ठेवा, आणि एका ठिकाणी वापरलेली फ्रिक्वेन्सी पुरेशा अंतरावर पुन्हा वापरा, असा त्याचा मथितार्थ. परिसराचे षट्कोनी तुकडे पाडावेत ही सूचना त्यांचे सहकारी रे यंग यांची. या तुकड्यालाच सेल म्हणायचं. टिपणातलं प्रत्यक्षात यायला फार काळ गेला: टोकियोत 1979 मध्ये, आणि खुद्द अमेरिकेत, शिकागोला, ऑक्टोबर 1983 मध्ये अशी सेवा व्यापारी पातळीवर सुरू झाली. मधल्या काळात गाडी चालती असताना एका सेलमधलं संभाषण दुसऱ्या सेलकडे सोपवण्याइतकी चलाख यंत्रं बनावी लागली, आणि सरकारनेही या सेवेसाठी पुरेशा लहरी मोकळ्या करून देण्यात बराच वेळ घेतला.

पुढच्या पानांचा विषय हाच आहे. मोबाइल नेटवर्कमधून किती माणसं एका वेळी बोलू शकतील, हे कंपनीला किती मेगाहर्ट्झ मिळाले यावर थोडंसं, आणि ते कुठे, किती जवळ, कोणाबरोबर पुन्हा वापरले यावर खूपसं ठरतं. ते ठरवणारे निर्णय निम्मे गणिताचे आणि निम्मे धोरणाचे असतात. आपल्याकडे धोरणाविषयी उदंड बोललं गेलं, पण गणित बाजूला ठेवून. म्हणून या प्रस्तावनेत गणिताला थोडी जास्त जागा देतो. बारावीपर्यंतचं गणित आठवत असलं तरी पुरे.

आधी षट्कोन घेऊ. सपाट मैदानावर सारखे षट्कोन मांडले, तर उपलब्ध फ्रिक्वेन्सींचे 3, 4, 7 किंवा 12 असे गट करून ते नेमक्या पद्धतीने पुन्हा पुन्हा मांडता येतात. पाचाचा किंवा सहाचा गट त्या मांडणीत बसत नाही. गट सातचा असेल तर तीच फ्रिक्वेन्सी वापरणारे दोन टॉवर सेलच्या त्रिज्येच्या साधारण 4.6 पट अंतरावर येतात. त्रिज्या एक किलोमीटर असेल तर साडेचार किलोमीटरहून थोडं जास्त. आता सेलच्या अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. त्याचा स्वतःचा टॉवर एक किलोमीटरवर. त्याच फ्रिक्वेन्सीवर चालणारे परके टॉवर सगळ्या बाजूंनी मिळून सहा, प्रत्येक सुमारे 4.6 किलोमीटरवर. शहरात जमिनीलगत जाणाऱ्या लहरींची शक्ती अंतराच्या ढोबळमानाने चौथ्या घाताने घटते. 4.6 चा चौथा घात सुमारे 441, त्याला सहाने भागलं की 73. म्हणजे हवा असलेला सिग्नल नको असलेल्यांच्या बेरजेपेक्षा 73 पट तगडा. शिकागोच्या त्या पहिल्या अॅनालॉग सेवेत स्वच्छ ऐकू येण्यासाठी हे प्रमाण साधारण 63 पट लागायचं. सात हा आकडा आला तो इथून.

पुढे जीएसएम हे डिजिटल मोबाइल तंत्रज्ञान आलं. त्यातला आवाज अंकांत बदलून जातो, चुका दुरुस्त करण्याची सोय त्यात असते, म्हणून सिग्नल नुसता आठ पट वरचढ असला तरी भागतं. मग गट तीनचा केला तर? अंतर त्रिज्येच्या तिप्पट, तिनाचा चौथा घात 81, भागिले सहा, साडेतेरा. हिशेबात बसतं. सातऐवजी तीन म्हणजे प्रत्येक सेलच्या वाट्याला दुपटीहून जास्त फ्रिक्वेन्सी, तेही सरकारकडून एक मेगाहर्ट्झ जादा न घेता. मोबाइलच्या इतिहासातली बहुतेक मोठी पावलं ही अशी आहेत. इंटरफिअरन्स, म्हणजे परक्या सिग्नलचा त्रास, जितका सोसता येतो, तितकी फ्रिक्वेन्सी जवळ आणता येते.

जमीन मात्र षट्कोनी नसते. मुंबईतल्या उंच इमारतीच्या गच्चीवर अँटेना लावला आणि त्याचं तोंड समुद्राकडे असलं, तर मध्ये अडवायला काही नसल्याने लहर पाण्यावरून लांबवर जाते. समोर दहा-पंधरा किलोमीटरवर मांडवा आहे. तिथल्या धक्क्यावर मुंबईचं नेटवर्क पकडलं जाणं नवीन नाही, आणि मुंबई व महाराष्ट्र-गोवा ही परवान्याच्या दृष्टीने दोन वेगळी सर्कल असल्यामुळे पूर्वी तिथे उभ्याउभ्या रोमिंग लागायचं. प्लॅनिंग करणाऱ्याच्या दृष्टीने रोमिंगपेक्षा मोठी अडचण वेगळीच. त्या किनाऱ्यावरच्या टॉवरला तीच फ्रिक्वेन्सी दिली असेल, तर फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि तरी आवाज तुटत राहतो. दांड्या लहरीची ताकद दाखवतात. त्या ताकदीत आपलं किती आणि परकं किती, हे त्या सांगत नाहीत. ड्राइव्ह टेस्टच्या गाडीत लॅपटॉपला फोन जोडून रस्तोरस्ती फिरणारी मुलं हेच मोजत असतात. घाटमाथ्यावरच्या टॉवरचंही असंच: खाली कोकणात त्याची लहर कुठवर उतरेल हे नकाशावर पट्टी ठेवून सांगता येत नाही. बऱ्याचदा यावर उपाय म्हणजे अँटेना दोन-तीन अंश खाली झुकवणं. पाना घेऊन टॉवरवर चढलेला माणूस त्या दोन अंशांत जेवढी क्षमता मोकळी करतो, तेवढी दिल्लीतल्या फायलींतून मिळायला वर्षं लागतात. या कामाची किंमत आपल्याकडे कमी केली जाते असं माझं स्पष्ट मत आहे.

षट्कोन मोडले की उरतो तो आलेख. प्रत्येक सेल म्हणजे एक बिंदू. ज्या दोन सेल एकमेकींना त्रास देतात त्यांच्यामध्ये रेघ. आणि रेघेने जोडलेल्या बिंदूंना एकच रंग द्यायचा नाही. नकाशा रंगवायला चार रंग पुरतात का, हा प्रश्न 1852 मध्ये फ्रान्सिस गथ्रीला पडला होता आणि अॅपल व हाकेन यांनी 1976 मध्ये संगणकाच्या मदतीने त्याचं उत्तर दिलं. फ्रिक्वेन्सीचा प्रश्न त्याच घराण्यातला, पण जास्त हट्टी. इथे लांबच्या सेलसुद्धा रेघेने जोडल्या जातात, त्यामुळे चाराची हमी नाही. एकेका बिंदूला एक रंग पुरत नाही, दहा-वीस लागतात. आणि रंग नुसते वेगळे असून भागत नाही. शेजारच्या फ्रिक्वेन्सीही एकमेकींत झिरपतात, म्हणून त्यांच्यात ठरावीक फट ठेवावी लागते.

या विषयात काम करणाऱ्यांना तोंडपाठ असलेलं एक कोडं आहे, फिलाडेल्फियाचं. 1973 च्या एका शोधनिबंधात अँडरसन यांनी त्या शहराच्या परिसराचा 21 सेलचा नमुना मांडला. कुठल्या सेलला 8 चॅनेल हवेत, कुठल्याला 25, आणि गजबजलेल्या मधल्या एका सेलला 77. पुढच्या अभ्यासकांनी त्याला अटी जोडल्या. त्यातली एक अशी: एकाच सेलमधल्या दोन चॅनेलमध्ये किमान पाचचं अंतर हवं. आता बाकी सगळं शहर विसरा आणि फक्त ती 77 वाली सेल बघा. पहिला चॅनेल कुठेही ठेवला तरी पुढचे 76 पाचपाचाच्या उड्यांनी जाणार, 380 जागा, आणि पहिली धरून 381. म्हणजे कितीही हुशारीने वाटप केलं तरी 381 च्या खाली कोणी जाऊ शकत नाही. शेजाऱ्यांच्या अटी धरल्या की हा तळ वर सरकतो आणि खरं उत्तर येतं 427. ते गाठायला आणि त्याखाली जाता येत नाही हे सिद्ध करायला चांगल्या चांगल्या गणितज्ञांनी डोकं लावलं आहे. आणि सेल होत्या फक्त एकवीस. खऱ्या शहरात त्या हजारो असतात. सर्वोत्तम उत्तर वाजवी वेळेत हमखास देईल अशी कुठलीही पद्धत अशा प्रश्नांसाठी आजवर सापडलेली नाही. संगणकाला आधी बरं उत्तर काढायला सांगायचं, मग थोडं हलवून बघायचं, कधी मुद्दाम थोडं बिघडवून पुन्हा सुधारायचं, अशा मार्गाने कंपन्या काम भागवतात.

नव्वदच्या दशकात प्रश्नच उलटा झाला. जुन्या अभ्यासकांचा प्रश्न होता, कमीत कमी किती फ्रिक्वेन्सींत भागेल? पण कंपनीच्या हातात परवान्याने आलेला पट्टा ठरलेला असतो; तो कमी वापरून दाखवण्यात तिला काय मिळणार? तेव्हा प्रश्न झाला: एवढ्यातच बसवायचं आहे, तर एकूण त्रास कमीत कमी कसा करायचा? बर्लिनच्या झुझे इन्स्टिट्यूटमध्ये ग्रोत्शेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीच्या ई-प्लस कंपनीसाठी नेमकं हेच काम केलं. आयसेनब्लेटर यांचा 2001 चा प्रबंध या वाटेवरचा अजूनही उत्तम सोबती आहे. गणिताला बाजाराने विचारलेला प्रश्न आणि त्याने दिलेलं कामाचं उत्तर, असं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

आता आपल्याकडे येतो. 31 जुलै 1995 ला कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन लावला आणि भारतात मोबाइल सुरू झाला. सुरुवातीला जीएसएम कंपनीला एका सर्कलमध्ये 4.4 मेगाहर्ट्झची जोडी मिळायची: जायला 4.4, यायला 4.4. जीएसएमचा एक कॅरियर 200 किलोहर्ट्झचा, म्हणजे हातात 22 कॅरियर. अख्ख्या पुण्याचं किंवा नागपूरचं प्लॅनिंग या बावीसमध्ये करायचं. प्रत्येक सेलला एक कॅरियर असा लागतो जो अखंड, पूर्ण ताकदीने, ‘मी इथे आहे’ एवढं सांगत राहतो. फोन त्याच्यावरच नेटवर्क ओळखतो. त्यात भेसळ चालत नाही, म्हणून त्यासाठी बारा तरी बाजूला काढायचे. उरले दहा. त्या दहांवर बाकीचं सगळं संभाषण. मग फोन आणि टॉवर दोघांनी मिळून सेकंदाला 217 वेळा फ्रिक्वेन्सी बदलत राहायची, म्हणजे खराब फ्रिक्वेन्सी कोणा एकाच्या माथी येत नाही, थोडी थोडी सगळ्यांना सोसावी लागते. या हॉपिंगच्या जोरावर तेच दहा कॅरियर जवळजवळ प्रत्येक सेलमध्ये वापरले गेले. एवढ्या तुटपुंज्या पट्ट्यावर एवढी माणसं बोलती ठेवणं हे आपल्या इंजिनियरांचं खरोखर मोठं काम होतं, आणि त्याची नोंद जवळजवळ कुठेच नाही.

पण त्यांना एवढा आटापिटा का करावा लागला, याच्या उत्तरासाठी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाकडे जावं लागतं. 1917 मध्ये त्यांनी एक सूत्र दिलं: वाटा इतक्या असतील आणि शंभरातले दोन कॉल परत गेले तर चालणार असेल, तर किती वर्दळ पेलेल? जीएसएमच्या एका कॅरियरवर वेळेच्या आठ खाचा असतात. एक नियंत्रणासाठी सोडली तर बोलायला सात. गर्दीच्या तासात माणूस सरासरी दीड मिनिट बोलतो असं धरलं, तर एर्लांगच्या सूत्राने सात वाटांवर साधारण 117 माणसं सांभाळता येतात. चौदा वाटांवर किती? दुप्पट नव्हे, 328. अठ्ठावीसवर 806. मोठ्या साठ्यात एकाची गर्दी दुसऱ्याच्या निवांतपणात मुरते, म्हणून वाटा वाढतात त्याहून वेगाने माणसं वाढतात. उलट बाजूने वाचा: अठ्ठावीस वाटा चार कंपन्यांत सात-सात अशा वाटल्या, तर 806 च्या जागी 470 माणसं. यंत्रसामग्री तेवढीच आणि लहरीही तेवढ्याच. नुसत्या वाटणीपायी 336 माणसांची जागा गेली.

हा आकडा मनात ठेवून 2008 कडे बघावं. त्या जानेवारीत आणि नंतर दिलेले 122 दूरसंचार परवाने सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 ला रद्द केले. मधल्या काळात देशात चर्चा होती ती महालेखापरीक्षकांनी बांधलेल्या 1.76 लाख कोटींच्या तोट्याच्या अंदाजाची. पुढे डिसेंबर 2017 मध्ये विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातल्या आरोपींना दोषमुक्त केलं. पैशांवरून आणि गुन्ह्यावरून एवढा धुरळा उडाला, पण एका सर्कलमध्ये दहाहून जास्त कंपन्यांना चिंचोळे तुकडे वाटल्याने एकूण क्षमतेचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. स्पर्धा हवी होतीच. तिच्यामुळेच मिनिटाचा दर पैशांवर आला आणि मोबाइल गरिबाच्या खिशात गेला, हे मी मनापासून मानतो. तरी तुकड्यांची किंमत मोजावी लागली, आणि ती मोजली जास्तीच्या टॉवरांनी, त्यांना लागणाऱ्या डिझेलने आणि तुटलेल्या कॉल्सनी. कंपन्यांना आपापसांत स्पेक्ट्रम वापरू देण्याची आणि विकू देण्याची नियमावली 2015 मध्ये आली. ती आधी यायला हवी होती.

4जी आल्यावर वाटप नियोजकाच्या टेबलावरून टॉवरमधल्या यंत्रात गेलं. आता प्रत्येक सेल सगळा पट्टा वापरते. गट उरला एकचा. पट्ट्याचे 180 किलोहर्ट्झचे तुकडे पाडतात आणि कुठला तुकडा कोणाला, हे सेकंदाच्या दर हजाराव्या भागाला नव्याने ठरतं. या क्षणी ज्याचा सिग्नल चांगला त्याला द्यावं, तर एकूण वेग वाढतो पण कडेला बसलेला उपाशी राहतो. सगळ्यांना सारखं द्यावं तर एकूण उत्पन्न घसरतं. व्यवहारात याच्या मधलं सूत्र वापरतात: ज्याला आजवर कमी मिळालं त्याचं पारडं थोडं जड करायचं. सेकंदाला हजार वेळा चाललेला हा न्यायनिवाडा मला या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो, आणि त्यासाठी पुढे एक अख्खं प्रकरण दिलं आहे. रंग भरण्याचं जुनं कोडंही सुटलेलं नाही. 4जीच्या सेलना 504 ओळखक्रमांकांतून एक द्यावा लागतो, 5जीत 1,008 मधून, आणि शेजाऱ्यांना एकच क्रमांक गेला की फोन गोंधळतो. तोच आलेख आहे, फक्त रंगांच्या जागी क्रमांक आले.

एक गोष्ट धोरणाची, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 700 मेगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, भिंती भेदतो. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या विरळ वस्तीला कमी टॉवरांत सेवा द्यायची तर याच्यासारखा पट्टा नाही. 2016 च्या लिलावात त्याची राखीव किंमत देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला 11,485 कोटी रुपये ठेवली. एकही बोली आली नाही. 2021 मध्ये किंमत उतरवली, तरी नाही. 2022 मध्ये ती 3,927 कोटींवर आणल्यावर पट्ट्याचा काही भाग विकला गेला. धरणात पाणी अडवलं तर ते उन्हाळ्यात कामी येतं; वापराविना गेलेली फ्रिक्वेन्सी कुठेच साठत नाही. तिची ती वर्षं गेली ती गेलीच, आणि गेली ती ज्यांच्याकडे आधीच काही नव्हतं त्यांच्या वाट्यातून. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच, क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात म्हटलं होतं. मग मालमत्ता पडून राहिली तर त्याचा हिशेब महसुलाइतक्याच कडकपणे मागायला हवा. 2023 च्या दूरसंचार कायद्यात पुरेशा कारणाविना न वापरलेला स्पेक्ट्रम परत घेण्याची तरतूद आहे. ती वापरली जाते का, यावर जागरूक वाचकांनी नजर ठेवावी.

शेवटी वाचण्याविषयी. पहिली दोन प्रकरणं सलग वाचावीत. तिसऱ्यात आलेख येतात. तिथे घाई नको. फिलाडेल्फियाच्या 21 सेलचा कोरा नकाशा, प्रत्येक सेलची मागणी आणि अटींसकट, त्या प्रकरणात दिला आहे. पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसा. पहिल्या प्रयत्नात पाचशेच्या आत आलात तरी चांगलं. सुरुवात 77 वाल्या सेलपासून करायची की 8 वाल्यांपासून, हे दोन्ही बाजूंनी करून बघा. उत्तरात किती फरक पडतो ते कळलं, की संगणकाला कुठून सुरुवात करायला सांगायचं हा चौथ्या प्रकरणाचा प्रश्न तुम्हाला आपोआप पडलेला असेल.